पोचली

"पोहे ठंडे होऊन राहिले," शकुबाई स्वयंपाकघरातून ओरडली. "निंगा आता त्या मोबाईलमंदून बाहेर. आठ वाजल्यापासून पाहून राहिली मी."

"निंगतो न," तेजराम म्हणाला, आणि निघाला नाही.

रिटायर होऊन भिलाईजवळ कुरुदला घर बांधल्यापासून ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाईल पाहणं हा त्याचा रोजचाच उद्योग होता. चष्मा असूनही तो फोन हातभर लांब धरायचा, जणू फोनच चावेल. आज मात्र तो फोन नाकाला लावून बसला होता. दर दोन मिनिटांनी स्क्रीन विझायची, दर दोन मिनिटांनी तो ती पेटवायचा. कवितेखाली काहीच नव्हतं. एक फूल नाही, एक टाळी नाही.

प्रकरण असं होतं. 'पोलादी शब्द' नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रूप होता. सिव्हिक सेंटरच्या एका बँकेत नोकरी करणाऱ्या नूतननं तो चार वर्षांपूर्वी काढला. दिवसभर काउंटरवर हिंदी बोलून जीभ थकते, घरची मराठी फक्त भाजीत मीठ मागण्यापुरती उरली, तेव्हा त्या मराठीला कुठंतरी हवा लागावी, एवढाच तिचा हेतू. आता ग्रूपात एकाहत्तर माणसं होती. नागपूरकडून रेल्वेत आलेल्यांची मुलं, भंडाऱ्याकडून पोलादाच्या प्लांटात आलेले आणि आता रिटायर झालेले म्हातारे, त्यांच्या सुना, दुर्गचे दोन मास्तर. सगळे कवी. न लिहिणारे पाचसहाच, आणि तेही आज ना उद्या लिहितील या संशयानं सगळे त्यांच्याशी जपून वागायचे.

ग्रूपचा एक रिवाज होता, रविवारची बिननावी. कवीनं आपली कविता गुपचूप नूतनकडे पाठवायची, तिनं ती रविवारी सकाळी आठला नाव न देता टाकायची, दिवसभर लोकांनी मत द्यायचं आणि संध्याकाळी सातला तिनं नाव उघडायचं. हे करावं लागलं, कारण नाव दिसलं की लोक नावालाच फुलं वाहायचे. नंदिनी नगरचे मारोतराव ग्रूपात सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी एकदा किराण्याची यादी चुकून ग्रूपवर टाकली तर तिलाही बावीस टाळ्या पडल्या. तुरीच्या डाळीनंतर एकदम फिनाईल येतं तो धक्का फार सुंदर आहे, असं एका मास्तरानं लिहिलं होतं.

तेजरामनं या ग्रूपवर आजवर एकही कविता टाकली नव्हती. तरीही ग्रूप चालायचा तो त्याच्यावर.

तेहतीस वर्षं तो फर्नेसच्या पाण्यावर होता. भट्टीच्या अंगाभोवती गार पाणी फिरत राहायला हवं, नाही तर भट्टीच जळून जाते, आणि त्या पाण्याची राखण म्हणजे तेजराम. पंप हाऊस लांब, सगळा कारभार फोनवर. तिथला नियम साधा होता. निरोप घेणाऱ्यानं निरोपाचे शब्द परत म्हणून दाखवायचे, मग 'पोचला' म्हणायचं, मग दोघांनी आपापल्या लॉगबुकात वेळ लिहायची. तोवर सांगणाऱ्यानं फोन ठेवायचा नाही.

ग्रूपात आल्यावर त्याला वाटलं, कविता म्हणजेही निरोपच की. पलीकडं कुणीतरी रिसीव्हर कानाला लावून उभं आहे. म्हणून त्यानं पहिल्या दिवसापासून तेच सुरू केलं. कविता आली की तिच्यातली एक ओळ परत लिहायची आणि खाली 'पोचली. ६.१०.' एवढंच. 'वा' नाही, 'क्या बात' नाही. सुरुवातीला लोक हसले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काका जी ओळ उचलतात तीच कवितेतली खरी असते, बाकीच्या नुसत्या भर घालायला आलेल्या असतात. तेव्हापासून कोणती ओळ उचलली जाते इकडं सगळ्यांचे डोळे लागले. पहिला मान तेजरामचा, मग फुलं, टाळ्या आणि वाद. हा नियम कुणी केला नव्हता, तो आपोआप पडला होता.

आणि असा हा तेजराम वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लाजतलाजत नूतनला एक कविता पाठवून बसला होता. जुन्या लॉगबुकांच्या कोऱ्या पानांवर तो तीस वर्षं लिहीत आला होता, पण दाखवलं कुणाला नव्हतं. मनाशी त्यानं ठरवलं होतं, आज कुणाला कळली तर पुढं लिहायचं. नाही तर ती सगळी पानं रद्दीत, आणि आपलं 'पोचली' बरं.

कविता अशी होती:

*तेहतीस वर्षं ती धूत आली*
*माझ्या अंगावरची भट्टी.*
*न्हाणीतून वाहत गेली काळी चांदी*
*रोज साबणाच्या एका वडीत.*
*तिचे हात कसे आहेत*
*मी कधी विचारलं नाही.*
*ती कधी म्हणाली नाही.*
*दोरीवर मात्र माझा सदरा*
*रोज माझ्याहून स्वच्छ.*

काळी चांदी म्हणजे वितळल्या लोखंडातून उडणारी चकचकीत भुकटी. कपड्यांत, भुवयांत, डब्याच्या झाकणात, कुठं म्हणून ती शिरत नसे? भिलाईत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच तर त्याला आशा होती.

नऊ वाजले, दहा वाजले, अकराही वाजले. कविता किती जणांनी वाचली हे टाकणाऱ्याच्या फोनवर दिसतं; नूतन तो आकडा मधूनमधून ग्रूपवर कळवत होती आणि तिथंच त्याचा घात झाला. अडतीस जणांनी वाचली. मग एकावन्न. मग चौसष्ट. चौसष्ट माणसं वाचून गप्प बसली! मारोतरावांच्या फिनाईलला बावीस टाळ्या, आणि त्याच्या उभ्या जन्माला एक नाही.

दुपारी तो नीट जेवला नाही. शकुबाईनं ताटाकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं.

"पोट दुखून राहिलं का?"

"नाई."

"मंग डोस्कं?"

"काईच नाई दुखून राहिलं, शकू. वाढ न भात."

"वाढलेला हाय तो कोन खाईन?" ती म्हणाली आणि मोबाईल घेऊन आतल्या खोलीत आडवी झाली. मुलीनं दिवाळीला दिलेल्या त्या मोबाईलवर ती पाककृती पाहते, अशी तेजरामची समजूत होती.

चारला तो स्कूटर काढून सिव्हिक सेंटरला गेला. दर रविवारी मारोतराव नंदिनी नगरहून तिथं यायचे आणि दोघं ठरलेल्या टपरीवर चहा प्यायचे. मारोतराव चुनखडीच्या खाणीत सुरुंग लावायचे, त्यामुळं त्यांना हळू बोलता येत नसे.

"तब्येत बरी हाय न बे तुही?" लांबूनच त्यांनी विचारलं.

"मले का झालं?"

"मंग सकायपासून मुका कावून बसला? पुरा ग्रूप अटकून पडला तुह्यासाठी!"

"माह्यासाठी?"

"आजची बिननावी पाह्यली नाई का? तू 'पोचली' म्हनलं नाई, तं तुह्या आंधी कोन बोलीन? म्या दोनदा लिवलं अन् दोनदा मिटवलं. त्या मास्तराचा फोन आलता, म्हने तेजरामजीनं ओळ उचलली नाई, याचा मतलब कवितेत कायतरी खोट हाय. आपुन कायले फसा?"

तेजरामनं हातातला ग्लास फळीवर ठेवला. सकाळपासूनचा सगळा अपमान त्याच्या डोळ्यांसमोर उलटा होऊन पडला. लोक गप्प होते कारण तो गप्प होता. तो गप्प होता कारण लोक गप्प होते. त्याला हसू आवरेना आणि त्याच वेळी रडूही येईल असं वाटलं.

"पन तुमाले कशी वाटली?" त्यानं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"तू सांग आंधी."

"मी नाई सांगू शकत."

"कावून?"

मारोतरावांनी त्याचं तोंड न्याहाळलं. चाळीस वर्षांची ओळख होती.

"अबे," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाले, "तुही हाय का?"

तेजरामनं मान हलवली.

"मंग सोपं हाय न! काढ मोबाईल, लिव 'पोचली', झालं. बिननावी हाय, कोनाले समजते? पाच मिन्टात फुलाईचा ढीग लागन."

तेजरामनं फोन काढलाही. अंगठा अक्षरांवर नेलाही. पण त्याला पाटील आठवला. फर्नेसवर त्याच्याच पाळीला एक पाटील होता. एकदा पंप हाऊसचा फोन लागत नव्हता, तर यानं कंटाळून निरोप न देताच वहीत 'पोचला' लिहून टाकलं. नुकसान काही झालं नाही, साहेबांना कळलंही नाही. पण पुढं दोन महिने तेजरामनं त्याच्यासोबत चहा घेतला नव्हता. आपलाच निरोप, आपलंच 'पोचला', मग पलीकडं कोण होतं?

"नाई जमत," तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. "राहू द्या. सातला नाव उघडन नूतन. नाई कोनाले लागली, तं नाई लागली."

"तू बी न, भल्ला अडेल मानूस हायस," मारोतराव चिडून म्हणाले. ते स्वतःच काहीतरी लिहायला चष्मा शोधू लागले, आणि चष्मा सापडायच्या आत तेजरामचा खिसा थरथरला.

ग्रूपवर एक ओळ आली होती. वर नाव होतं, 'शकू घर'. तेजरामला वाटलं, फोन बिघडला.

*"ती कधी म्हणाली नाही." पोचली. ४.५०. पण वडी एक नाई, दोन लागत.*

त्यानं ते तीनदा वाचलं. मग फोन मारोतरावांच्या हातात दिला, कारण त्याला पुढचं नीट दिसत नव्हतं.

"दोन लागत!" मारोतराव एवढ्यानं हसले की टपरीवाला दचकला. "आता कायची बिननावी? वहिनीनं तं नावगाव सगडंच उघडून टाकलं!"

आणि बांध फुटावा तशी फुलं सुरू झाली. मास्तरांनी लिहिलं, 'काळी चांदी, अहाहा!' रेल्वे कॉलनीतल्या रेणूनं लिहिलं की तिची आईही दोनच वड्या वापरायची. तिसऱ्यानं कळवलं, आमच्याकडं अडीच. साबणावर वाद पेटला. नूतननं हसण्याचे दहा चेहरे टाकून लिहिलं, "काकू, ये तो चीटिंग है! नाव उघडायचं काम माझं होतं!"

तेजराम थांबला नाही. चहा अर्धा ठेवून, फोन परत खिशात टाकून त्यानं स्कूटरला किक मारली. वाटेत खिसा सारखा थरथरत होता, पण ज्या निरोपासाठी तो दिवसभर रिसीव्हर धरून होता, तो आला होता.

घरी मोबाईल ओट्यावरच्या खुर्चीत टाकून तो आत गेला, तर शकुबाई कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तू ग्रूपमंदी कवापासून?"

"संक्रांतीपासून. हळदीकुंकवाले गेली होती, तवा नूतननं घेतलं आमाले."

"सांगितलं नाई."

"तुमी इचारलं का?" ती म्हणाली. "रोज वाचतो मी. तुमी कोनती ओळ उचलता ते आंधी मनात धरतो, मंग पायतो. जमते मले आता."

"अन् आज? एवढ्या उशिरा कावून?"

"मले वाटलं, कोनी तरी बोलन. चौसष्ट लोकं वाचून गप!" म्हणजे तीही आत पडून आकडा पाहत होती. "मंग समजलं, सगडे तुमचीच वाट पाहून राहिले. अन् तुमी तं सोताच्या निरोपाले पोचला म्हननार नाई, मरून गेले तरी. तेवढं मलेच मालूम." कणकेवर तिनं एक गुद्दा मारला. "अन् ते वडीचं खोटं कायले लिवलं?"

"दुरुस्त करतो," तेजराम म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "हात दाखव."

"आता? कनीक लागली हाय."

"धुऊन दाखव."

"काय येडेपना," ती म्हणाली, पण उठली. नळाला संध्याकाळी पाणी नसतं. तेजरामनं माठाशेजारच्या बादलीतून लोटा भरला आणि ती मागच्या मोरीवर वाकली तशी तिच्या हातांवर बारीक धार धरली. बोटांच्या पेरांवरून कणीक सुटत गेली. खाली चिरलेली, गुळगुळीत झालेली, नखांशी पांढुरकी पडलेली कातडी दिसू लागली. ओट्यावरच्या खुर्चीत मोबाईल थरथरत होता.

"बस झालं, साफ झाले," ती म्हणाली. "पानी वाया जाऊन राहिलं."

तेजराम तेहतीस वर्षं पाण्यावर होता. त्यानं दुसरा लोटा भरला.