उस्तादांनी नावं ठेवलेलं इंजिन

उस्तादांनी आयुष्यात इंजिनाबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. बाकी सगळ्याबद्दल ते बिनदिक्कत थापा मारायचे: वय, उंची, रक्तातली साखर, तरुणपणी आपल्यावर कोण कोण भाळलं होतं. पण स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते जे सांगायचे, ती काळ्या दगडावरची रेघ. गॅरेज बंद करून घरी बसले तरी जुनी गाडी घेताना लोक त्यांना बळंबळं ओढून न्यायचे.

त्यांची बायको नर्स होती. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि वैतागले की उस्तादही. नोकरीभर तिने मोटरसायकल दामटली होती. मग डाव्या कानाने दगा दिला. ऐकू कमी यायला लागलं आणि वर तोलही जायला लागला. एकदा सिग्नलला उभ्या गाडीवरून ती आडवी झाली, मागच्या टेम्पोवाल्यालाच झापलं, घरी आली आणि मोटरसायकल विकून टाकली.  मग एकदा जेवताना म्हणाली, "दोन चाकांवर तोल जातो ना? मग तीन चाकं."

कोपऱ्यावरच्या वेल्डरने सांगाडा बनवला. पुढे मोटरसायकलचं हँडल, मागे दोन रुंद चाकं, मध्ये भलंमोठं रिकामं पोट.

"यात काय बसवायचं ते तुम्ही ठरवा," सिस्टर उस्तादांना म्हणाली. "इंजिन आणि गिअरबॉक्स. वाटेत दगा देता कामा नये. मी ताईकडे चाललेय, पार समुद्रापर्यंत. मधले सगळे घाट चढून. एकटी."

"आणि मी?"

"तुम्हाला परक्या अंथरुणावर झोप येत नाही, पोट बिघडतं, आणि तोंड बंद राहत नाही."

तिन्ही आरोप खरे होते. पण हिला एकटीला जाऊ द्यायचं? घाटात चक्कर आली तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, ताईकडे इतकं बरं वाटलं की परत यायचंच नाही म्हणाली तर? चहाचं सोडा, उस्तादांना तिच्याशिवाय भांडायलासुद्धा कोणी नव्हतं.

वेल्डरने पहिलं इंजिन आणलं ते एका आपटलेल्या रेसच्या मोटरसायकलचं. सुरू करताच शेजारच्या खिडक्या खडखडल्या आणि वेल्डर हरखून गेला. उस्तादांना लांबूनच कळलं. पळायला भन्नाट, ओढायला नालायक. एवढं धूड घेऊन चढावर निघालं की क्लच जळणार. शिवाय रिव्हर्स गिअर नाही. तीनचाकी काय पायाने ढकलत मागे नेणार? म्हणजे सिस्टर पहिल्याच घाटाच्या पायथ्याशी बसणार, फोन करणार, आणि उस्ताद दोर लावून तिला घरी आणणार. हे चित्र त्यांना फार आवडलं.

"एक नंबर!" ते म्हणाले. "डोळे मिटून घे." इंजिनाबद्दलचं पहिलंवहिलं खोटं इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"बरं," सिस्टर म्हणाली. "आता मास्तरांचं बघू."

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाले. स्कूल बंद करत होते, आणि त्यांची म्हातारी शिकाऊ गाडी अंगणात उभी होती. निम्म्या गावाने तिच्यावर हात साफ करून घेतले होते. क्लच न दाबता गिअर कोंबणारे, हँडब्रेक न सोडता बाजार फिरणारे, घाबरून पहिल्याऐवजी रिव्हर्स टाकणारे. तरी गाडी एका चावीत सुरू झाली. उस्तादांनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले. आत सगळं निवांत चाललं होतं. या इंजिनाचे कोणी लाड केले नव्हते आणि त्यानेही कोणाचं काही मनावर घेतलं नव्हतं. हे समुद्रापर्यंत जाईल, परत येईल, पुन्हा जाईल. उस्तादांचा चेहरा पडला.

"भंगार," ते म्हणाले. "ऑइल पितंय. आणि गिअरबॉक्सचं तर नावच काढू नका. बेअरिंग गेलंय." गिअरबॉक्सला त्यांनी कानही लावला नव्हता.

मास्तर लालबुंद झाले. "उस्ताद, आधी कानातला मळ काढा!"

सिस्टर नुसती उस्तादांच्या तोंडाकडे बघत होती. पुढच्या आठवड्यात उस्ताद वेल्डरच्या शेडमध्ये गेले, तर सांगाड्याच्या पोटात मास्तरांचं इंजिन बसलेलं, त्याच्यामागे त्याचाच गिअरबॉक्स, आणि वर सिस्टर विराजमान.

"अगं, मी नको म्हटलं होतं ना?"

"म्हणून तर घेतलं!" सिस्टर हँडलवर रेलली. "त्या पहिल्याला तुम्ही स्क्रूड्रायव्हरसुद्धा लावला नाहीत, आणि म्हणे एक नंबर. याला कान लावलात, डोळे मिटलेत, तोंड सुतकी केलंत आणि मग शिव्या घातल्यात. इतकी वर्षं संसार केलाय तुमच्याशी. मला काय दूधखुळी समजलात?"

वेल्डर उगाचच एक नट घट्ट करत बसला.

"तू जाऊ नयेस असं वाटत होतं मला," उस्ताद एकदम बोलून गेले. "भीती वाटते गं."

"माहितेय. मलाही वाटते. म्हणून तर चांगलं इंजिन हवं होतं." आणि तिने चावी फिरवली.

इंजिन झकास सुरू झालं. पण त्याच्यामागून बारीक घरघर येत होती. "क्लच दाब," उस्ताद म्हणाले. घरघर थांबली. "सोड." पुन्हा आली. गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग! थाप मारताना ते चुकून खरं बोलून गेले होते.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. एखाद्या घाटात बेअरिंग राम म्हणणार, सिस्टर अडकणार, फोन येणार. उस्ताद क्षणभर खरंच गप्प बसले. मग त्यांना तो घाट दिसला, वळणावर बंद पडलेली तीनचाकी, मागून येणारा ट्रक, आणि तिचा तो डावा कान.

"सिस्टर, बेअरिंग गेलंय."

ती खो खो हसली. "म्हणजे ठणठणीत आहे!"

"अगं खरंच गेलंय! ऐक ना!"

"कशाने ऐकू? पुरे आता नाटक."

उस्तादांनी शपथा घेतल्या. वेल्डरला साक्षीला बोलावलं, तर आयुष्यभर ठोकाठोकी केलेल्या त्या माणसाला काहीच ऐकू येईना. शेवटी उस्तादांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत तीनचाकीखाली शिरले. गिअरबॉक्स उतरवण्यात दुपार गेली. बेअरिंग काढून, पुसून त्यांनी सिस्टरच्या तळहातावर ठेवलं.

"फिरव."

तिने फिरवलं. आतल्या गोळ्या खरडत होत्या. ते तिच्या बोटांना कळलं. ती बराच वेळ ते फिरवत राहिली.

"हे सांगितलं नसतंत, तर घाटातून मला तुम्हालाच बोलवावं लागलं असतं," ती म्हणाली.

"हो."

"मग सांगितलंत कशाला?"

"इंजिनाबद्दल मी कधी खोटं बोलत नाही," उस्ताद म्हणाले, आणि ती हसायच्या आत ओरडले, "बघतेस काय? जा, नवीन बेअरिंग घेऊन ये!"

ती निघाली त्या सकाळी उस्ताद फाटकाशी उभे राहिले. सिस्टरने रिव्हर्स टाकून ऐटीत गाडी रस्त्यावर घेतली, हात हलवला आणि गेली. उस्तादांनी डोळे मिटून कान दिला. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. कोपऱ्यापर्यंत, मग पुलापर्यंत, मग चढावर ऐकू येईल तिथपर्यंत त्यांनी जीव तोडून खोट शोधली. एकही सापडली नाही.