अंदाजे हाडं

हाडांच्या मोफत तपासणी शिबिराला डॉक्टर लोक ‘सेवा’ म्हणतात. आम्ही कंपनीवाले त्यालाच ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतो. मी सायली, एका औषध कंपनीची प्रतिनिधी. करमाडच्या डॉक्टर काळवणेंच्या दवाखान्यात मागच्या महिन्यात ही सेवा मीच पार पाडली.

पद्धत सोपी आहे. मशीन कंपनीचं, चहा-बिस्किटं कंपनीची, बायका गावातल्या. बाईनं टाच मशीनमध्ये ठेवायची, मी आकडा बघून कार्डावर लिहायचा. आकडा उणे अडीचच्या खाली गेला की हाडं ठिसूळ, आणि डॉक्टर आमचं महागडं इंजेक्शन लिहून देणार. त्या बदल्यात डॉक्टर सहकुटुंब बालीला ‘परिषदे’साठी जाणार. परिषदेला बायको-मुलं कशाला लागतात, हे विचारायची सोय नाही.

त्या दिवशी बारा बायका झाल्या आणि मशीन बंद पडलं. बाहेर अजून एकतीस जणी मजुरी बुडवून बसलेल्या. मला वाटलं, सुटले. मी मॅनेजरला, सार्थक सरांना, फोन लावला.

“शिबिर रद्द झालं, तर तू नोकरीत कायम होणंही रद्द समज,” ते म्हणाले.

डॉक्टर शेजारीच चहात बिस्किट बुडवत होते. “अगं, पन्नाशीच्या बायका आहेत. हाडं पोकळच असणार. लिही की अंदाजे.”

आणि मी लिहिलं. बंद मशीनमध्ये एकतीस टाचा ठेवून घेतल्या, त्यांना जेल लावलं, पुसलं आणि गंभीर चेहरा करून आकडे लिहिले. उणे तीन. उणे दोन पूर्णांक आठ. सगळे एकसारखे दिसू नयेत म्हणून मध्येच दोघी-तिघींना बरं लिहिलं. त्या हुशारीचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

काल पुन्हा करमाडला गेले. दवाखान्याच्या बाकड्यावर शिबिरातली एक बाई बसली होती, द्वारकाबाई. मला बघून ती लगबगीनं सरकली.

“बसा म्याडम. लई उपकार झाले तुमचे. मशीन लावलं म्हणून कळलं, नाय तर मोडूनच पडले असते मी.”

शेंद्र्याच्या एका कंपनीत ती कॅन्टीनला पोळ्या लाटायची. पिठाचा डबा उचलावा लागतो म्हणून तिनं ते काम सोडलं होतं.

“नातवाला बी कडेवर घेत नाय आता. रडतंय पोरगं. पण सून म्हणती, कुठं हाड मोडलं तर?”

तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून दाखवलं. उणे तीन पूर्णांक चार. अक्षर माझंच होतं.

आतून डॉक्टर मला हाक मारत होते. त्यांची विमानाची तिकिटं माझ्या बॅगेत होती, आणि मी नोकरीत कायम झाल्याचं पत्र सकाळीच आलं होतं. तोंड उघडलं की ते पत्र गेलंच. पण ती बाई माझे आभार मानत होती आणि ते मला ऐकवत नव्हतं.

“मावशी, मशीन बंद होतं,” मी म्हणाले. “हा आकडा मी मनानं लिहिलाय. डॉक्टर लिही म्हणाले, मी लिहिला. तुमची हाडं कशी आहेत, मला काहीही माहीत नाही.”

वाटलं, आता शिव्या घालेल. खरं तर मला त्या हव्याच होत्या. चार शिव्या खाऊन मी मोकळी झाले असते. तिनं कार्ड घडी घालून परत पिशवीत ठेवलं.

“माझ्या एकटीचंच असं, का समद्यांचं?”

“एकतीस जणींचं.”

“मग त्यांना कोण सांगणार?”

मी वर कळवते, कंपनी बघेल, असं काहीतरी मी बोलले. बोलता बोलताच कळलं, हेही खोटंच आहे.

द्वारकाबाईनं चपला घातल्या आणि माझं मनगट धरलं. डॉक्टर दारात येऊन “काय झालं?” म्हणाले. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“चल पोरी. घरं मी दाखविते, सांगायचं तू तुझ्या तोंडानं. आधी दगडाबाईकडं जाऊ. त्या सुईपायी तिनं दुभती शेळी इकली.”