समुद्राकडे वळवलेला दिवा

रेल्वेतल्या जुन्या सांधेवाल्या आबांनी राखेने काच पुसली, वात कातरली आणि दिवा हाती घेऊन ते सिग्नलच्या खांबाची शिडी चढू लागले, तोच खालून हाक आली.

"आबा, उतरा. खांब आज पाडायचा आहे."

मुकादम होता. मागे लोखंड कापायचे यंत्र घेऊन दोन माणसे उभी होती.

समुद्राकाठचे हे स्थानक बंद होऊन बराच काळ लोटला होता. एके काळी हवापालटासाठी आलेली कुटुंबे येथे उतरत आणि माशांच्या टोपल्या येथूनच शहराकडे रवाना होत. पुढे गाडी गेली ती गेलीच. रूळही उपटले गेले. उरला उघडाबोडका फलाट, हा खांब आणि केबिनमागच्या खोलीत एकटे राहणारे आबा. शेवटची गाडी गेली त्या संध्याकाळी त्यांनी दिव्याचे तोंड रुळांकडून समुद्राकडे वळवले होते आणि तेव्हापासून तो नित्यनेमाने लावला होता.

"खांब पाडलात तर होड्या खडकावर जातील," आबा उतरत म्हणाले. "तांडेलाला विचारा, हवं तर."

होडीचा तांडेल वाळूत जाळे सांधत बसला होता; शेजारी त्याची बायको. मुकादमाने विचारताच तांडेलाने आधी आबांकडे पाहिले.

"दिव्याशिवाय? छे! बुडालोच म्हणून समजा."

मुकादमाची दृष्टी होडीत गेली. सुकाणूपाशी वाट दाखवणारे यंत्र बसवलेले होते. त्याच्या कडा गंजल्या होत्या. आबांनीही ते पाहिले.

"हे कधीपासून आहे रे?"

तांडेलाने जाळ्यात मान खुपसली. बायको मात्र फणकारली.

"असेना! ते मेलं वाट दाखवतं. आबा जेवले का, आजारी पडलेत का, ते दाखवतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! दिवा दिसला की होडीवर सगळे म्हणतात, म्हातारा ठणठणीत आहे. तुम्हाला ताप भरला, दिवा लागला नाही, तेव्हा सकाळी डबा घेऊन मी काय हवा खायला आले होते?"

सहज आले, असे तेव्हा तिने सांगितले होते.

आबांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. टोपीला काहीच लागलेले नव्हते. मग ते मुकादमाकडे वळले.

"चला, शिडी मी धरतो. दिवा तेवढा माझ्याकडे राहू द्या."

"कसला दिवा? मी नाही बुवा पाहिला," मुकादम म्हणाला.

दिवस मावळताना आबांनी दिवा खोलीच्या दाराशी टांगला. सवयीने त्याचे तोंड समुद्राकडे झाले होते. ते पुन्हा स्टुलावर चढले आणि त्यांनी ते हलकेच कोळ्यांच्या वस्तीकडे फिरवले.

थोड्याच वेळात वस्तीतून तांडेलाच्या बायकोचा आवाज आला.

"दिसला हो, आबा! जेवून घ्या!"

आबा "हो" म्हणाले. मग घसा खाकरून, तिला ऐकू जाईल अशा बेताने, पुन्हा एकदा म्हणाले.