डोळा लावायची खिडकी नसलेला

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. अंगाने मुठीत मावेन एवढा आणि स्वभावाने भलता चौकस. पोटात आरसा नाही, म्हणून मला मिररलेस म्हणतात. आरसा नसल्यामुळेच मी सडपातळ राहिलो, नाहीतर माझे थोरले भाऊबंद गळ्यात विटेसारखे लोंबतात.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. दोन वर्षं त्याने मला डोंगर दाखवले, समुद्र दाखवला. पाहुण्यांसमोर माझं तोंड भरून कौतुक केलं. मग त्याने नवा फोन घेतला आणि मी मोज्यांच्या खणात गेलो. अंधारात काय बघणार? मला फार एकटं वाटायचं.

पुढे जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आलो. गिऱ्हाईक मला उचलायचं, डोळ्याला लावायचं आणि म्हणायचं, "अरेच्चा, याला डोळा लावायची खिडकीच नाही!" की पुन्हा कपाटात. माझी किंमत उतरत गेली, तसा माझा चेहराही उतरत गेला.

एके दिवशी दोघी बहिणी आल्या. धाकटीला सगळे पेटीमावशी म्हणत, कारण तिने मधमाश्यांच्या अकरा पेट्या पाळल्या होत्या. थोरली अक्का.

"जुना चालेल, स्वस्तातला हवा. पण हातात नीट बसला पाहिजे," मावशी म्हणाली. तिने पिशवीतून जाड कातडी हातमोजे काढले आणि चक्क चढवले. दुकानदार दोन पावलं मागे सरकला. मी मात्र भिंग रोखून बघत राहिलो. हे काय नवीन?

"घाबरू नका हो, माश्यांसाठी आहेत ते," अक्का हसली. "पण अगं, फोन आहे ना तुझ्याकडे?"

"फोन हातमोज्यातलं बोट ओळखत नाही. आणि हातमोजा काढला तर माश्या बोट ओळखतात!"

हसता हसता मावशी गंभीर झाली. दोन महिन्यांत तिच्या चार पेट्या ओस पडल्या होत्या. चुरगळलेल्या पंखांच्या माश्या दारातच गळून पडत. कीटकतज्ज्ञ दूरच्या गावी होते. जवळून काढलेला स्वच्छ फोटो पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं. घरचे म्हणत होते, उरलेल्या सात विकून मोकळी हो.

पहिला कॅमेरा तिच्या हातातून निसटला. दुसऱ्याची बटणं मोहरीएवढी, एक दाबायला जावं तर दोन दाबली जायची. तिसऱ्याला दोन हात हवेत, आणि मावशीच्या एका हातात तर पोळ्याची चौकट असणार. मग माझी पाळी आली. माझ्या पुढच्या उंचवट्यावर तिची बोटं बसली. डोक्यावरची खाचांची चकती तिने फिरवली. कट्, कट्. हातमोज्यातूनही तिला ते कळलं.

"याला खिडकी नाही हं. मागच्या पडद्यावरच बघावं लागतं," दुकानदाराने इमानाने सांगितलं.

"माझ्या तोंडावर जाळी असते. खिडकी असून डोळा कुठे लावू?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी तिने पेटी उघडली आणि मला पार माश्यांना टेकवलं. सगळे फोटो धूसर आले. "फसवलं त्या दुकानदाराने! परत देऊन टाक," अक्का कुंपणापलीकडून ओरडली. अहो, वीतभर अंतराच्या आत मला स्पष्ट दिसतच नाही! पण कॅमेऱ्याला तोंड कुठलं? मी मनात चडफडलो. तेवढ्यात एक माशी माझ्या भिंगावर बसली. तिला उडवायला मावशीने हात झटकन मागे घेतला आणि पडद्यावर सगळं लख्ख दिसू लागलं. तिने पटकन बटण दाबलं.

घरी येऊन तिने फोटो मोठा केला. एका माशीच्या पाठीवर तांबूस ठिपका होता. "धूळ असेल," अक्का म्हणाली. आणखी मोठा केला, तर ठिपक्याला पाय! दोघी माझ्यावर इतक्या वाकल्या की त्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

फोटो पाहून तज्ज्ञांचं उत्तर आलं, "गोचिडीसारखा किडा आहे, त्यानेच पंख चुरगळतात. औषध सांगतो. पेट्या विकू नका."

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याचं भिंग मऊ फडक्याने पुसा आणि तो फार दिवस ठेवून द्यायचा असेल तर बॅटरी काढून ठेवा. आणि नको असेल, तर खणात कोंडू नका, कुणाला तरी द्या. आमच्यात काय नाही ते सगळे बघतात. घेणाऱ्या माणसाला काय हवंय, तेही एकदा विचारा.

औषधानंतरही एक पेटी गेली. सहा राहिल्या. महिन्याभराने मावशीने मला पोळ्यासमोर धरलं. एका घराचं मेणाचं झाकण आतून कुरतडलं गेलं आणि नवी माशी बाहेर आली. तिने अंग झाडलं, पंख उघडले. दोन्ही सरळ होते. मावशी रडत होती. जाळीच्या आत डोळे पुसता येत नाहीत. तिने ते तसेच वाहू दिले आणि बटण दाबलं.