दमलेला बॅटरीचा डबा आणि अंड्यांची पेटी

मी एक जुना बॅटरीचा डबा आहे. वीज गेली की ज्याची आठवण होते आणि वीज आली की ज्याच्यावर ओला टॉवेल वाळत पडतो, तोच. वर कडी, पुढे सॉकेट आणि अंगात इतकं वजन, की मला उचलणारा प्रत्येक जण ‘आई गं’ म्हणतो.

मित्रांनो, तरुणपणी माझा दरारा होता. कारखान्यात माझी चाचणी झाली तेव्हा अख्ख्या गावाचे दिवे माझ्यावर लागले होते. एका अमावास्येला तर चंद्रालाच वायर जोडली. पौर्णिमेपर्यंत पठ्ठ्या फुल्ल! हसा, हसा. म्हाताऱ्या बॅटरीला एवढी सूट असावी. पुढचं मात्र जसं घडलं तसं सांगतो. थापा मारायलाही जोर लागतो आणि तो आता उरलेला नाही.

या घरात आलो तेव्हा काय कौतुक! घरातल्या मुलांच्या काकांनी शेजाऱ्यांना बोलावून, घरात वीज असतानाच, माझ्यावर पंखा फिरवून दाखवला. मग सवयच लागली. भिंतीतलं सॉकेट सोफ्यापासून लांब, मी पायाशी. काकूंचा लॅपटॉप, मुलांचे फोन, काकांचं दाढीचं मशीन. येणारा वायर घेऊनच यायचा आणि म्हणायचा, “पाचच मिनिटं हं.” मला चार्जिंगला लावणं हे मात्र दुसऱ्याचं काम. तो दुसरा कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

रिकामा होत आलो की माझा लाल दिवा लुकलुकतो आणि मी टूं टूं करतो. काकांची झोपमोड व्हायची. त्यांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली, आवाजाच्या भोकात कापूस कोंबला आणि म्हणाले, “बघा, कसा शहाण्यासारखा बसलाय!” शहाणा कसला, माझं तोंड बांधलं होतं.

काकांची थोरली बहीण, म्हणजे मुलांची आत्या, याच घरात राहते. तिने थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून कोंबडीची अंडी उबवायची पेटी केली होती. पहिल्या खेपेला वीज गेली, अंडी गार पडली, सगळी वाया.

“ताई, त्यापेक्षा ऑम्लेट तरी झालं असतं,” काका म्हणाले होते.

आत्या हसली नाही. “ही खेप गेली तर पेटी भंगारात टाकीन,” एवढंच बोलली.

या खेपेला अंड्यांवर तडे दिसू लागले. आतून टकटक ऐकू येऊ लागली. आणि त्याच कडाक्याच्या थंडीच्या सकाळी गल्लीतलं झाड तारांवर कोसळलं. वीज गेली.

आत्याने धावत येऊन पेटीची वायर मला जोडली. बटण दाबलं. मी ढिम्म.

“धरून ठेव. दहा मोज. आता सोड,” काका मागून म्हणाले.

“मोजले.”

“मग बल्ब गेला असेल.”

बल्ब बदलला. वायर बदलली. शेवटी काकांनी माझ्या पाठीत दोन रट्टे घातले. मी ओरडलो असतो, पण घशात कापूस!

“अरे, अंडी गार पडतायत,” आत्या म्हणाली. मग तिची नजर चिकटपट्टीवर गेली. तिने ती नखाने सोलली. खाली माझा लाल दिवा कसाबसा जीव धरून होता. “हा रिकामा आहे! चार्जिंगला कोणी लावला होता?”

काकांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी मुलांकडे, मुलांनी छताकडे.

“गाडी काढ,” आत्या म्हणाली.

“आत्ता? कुठे जायचंय?”

“कुठेच नाही. हीटर लाव!”

गाडी बाहेर उघड्या रस्त्यावर उभी होती. आत्या पेटी मांडीवर घेऊन बसली. काकूंनी झाकणात ओला रुमाल पसरला, अंडी कोरडी पडू नयेत म्हणून. मुलं मागे कोंबली गेली. मला गाडीच्या सॉकेटला जोडून पायाशी ठेवलं. इंजिन घरघरत राहिलं आणि माझ्या पोटात थेंब थेंब वीज येऊ लागली.

किती वेळ गेला, मला विचारू नका. माझा डोळा लागला होता. जाग आली ती चिवचिवाटाने. एक ओलं, चुरगळलेलं पिल्लू टरफलातून अर्धं बाहेर आलं होतं. आत्या रडत होती. काका हळूच म्हणाले, “ताई, असल्यांचं ऑम्लेट म्हणालो होतो ना मी?”

“तोंड मिट आणि हीटर बघ,” आत्या म्हणाली.

काही अंडी उघडलीच नाहीत, मित्रांनो. तडे होते, पण टकटक थांबली होती. आत्याने ती वेगळी काढली आणि त्यांच्यावरून एकदा हात फिरवला.

वीज आली तसे सगळे पिल्लं घेऊन आत पळाले. मी गाडीतच राहिलो. अंधार पडायच्या आत आत्या परत आली. मला उचलताना ‘आई गं’ म्हणाली आणि तिने भिंतीशी नेऊन सॉकेटला जोडलं. मग कंगव्याच्या दात्याने कापूस उकरून काढला.

माझं आता फारसं राहिलेलं नाही. उद्या पोट फुगलं तर मला चार्ज करू नका, कचऱ्यातही टाकू नका. जुन्या बॅटऱ्या घेतात तिथे पोचवा. पण तोवर एवढं करा. तुमच्या घरात माझ्यासारखा जो कोणी असेल, त्याच्याकडून घेण्याआधी एकदा वाकून बघा, त्याच्यात काही उरलंय का.