चाळीस फुटांचं पाणी

रेघ कोरडीच होती. दगडी पायरीवरची, बोटभर लांबीची, गुलाबी खडूची रेघ — पाण्यापासून वीतभर वर, काल होती तिथेच, परवा होती तिथेच... पद्मा वाकून बघत राहिली, मग तिने चष्मा कपाळावर सारून ती पुन्हा एकदा बघितली, आणि खडू पर्समध्ये टाकला. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तिच्या पर्समध्ये खडू असतोच. सांगलीत नदीकाठी राहणाऱ्या मास्तरीणबाईला तो फळ्यालाही लागतो आणि पुराच्या पाण्यावर खूण करायलाही.

नऊ दिवस झाले होते. त्या नऊ दिवसांत चांगला दोनदा पाऊस होऊन गेला, रेघ पुसली तशी तिने ती तिथेच पुन्हा ओढली, पण ब्रिस्टलच्या या बंदरातलं पाणी बोटभरही वाढलं नव्हतं. न वाढणाऱ्या पाण्यावर पद्माचा विश्वास बसत नव्हता. भार्गवीने, तिच्या लेकीने, पहिल्याच दिवशी समजावलं होतं — दोनशे वर्षांपूर्वी या लोकांनी नदी बाजूला वळवली, इथे दरवाजे बसवले आणि पाणी कोंडून घेतलं, म्हणजे जहाजं कायम तरंगती राहतात. "आई, हे वाढत नाही गं. बांधून ठेवलंय." बांधून तर कोयनेतही ठेवलंय, असं पद्मा म्हणाली होती, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप येऊन ही रेघ मारून गेली होती.

बाकी शहर देखणं, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. समोरच्या टेकडीवर ओळीने घरं — गुलाबी, पिवळी, आकाशी, डबीतल्या रंगीत बडीशेपेसारखी. धक्क्यावर उंच जुन्या क्रेन, आता काहीही न उचलणाऱ्या, पेन्शनीत निघालेल्या. पलीकडे ते लोखंडी जहाज, ज्याला बघायला लोक रांग लावतात; आणि सगळीकडे सीगल नावाचे उद्धट पक्षी, ज्यांना भाजणीचं थालीपीठ आवडतं हे तिने मंगळवारी स्वतःच्या हातातलं गमावून सिद्ध केलं होतं. याच पाण्यात लोकांनी एका बड्या शेटजीचा पुतळा ओढत आणून ढकलला होता, माणसं विकून गबर झालेल्या शेटजीचा. मग तो वर काढला आणि संग्रहालयात आडवाच ठेवला, अंगावरच्या रंगासकट. पद्माला ते पटलं होतं. टाकून द्यायचं नाही, आणि घासूनपुसून उभंही करायचं नाही... झालं ते झालं म्हणून दिसू द्यायचं.

ही झाली बंदराची बाजू. नदीच्या बाजूला मात्र ती त्या दिवसानंतर फिरकली नव्हती. तो दिवस आठवला की आता हसू येतं, पण तेव्हा... आल्यावर तिसराच दिवस. भार्गवी ऑफिसात. हिने खिडकीतून बघितलं तर दुपारी नदी म्हणजे नुसता करडा चिखल, तळाशी ओहळ. आणि झोप काढून, चहा घेऊन पुन्हा बघते तो काठोकाठ पाणी, वर आभाळ निरभ्र. आभाळ निरभ्र असताना नदी चढते ती एकाच कारणाने, हे सांगलीत पोरंसोरंही सांगतील: वर कुणीतरी धरणाचे दरवाजे उचललेत. पद्माने वेळ घालवला नाही. पासपोर्ट प्लास्टिकमध्ये बांधले, तांदूळ-डाळी कपाटावर चढवल्या, गादी गुंडाळून जिन्यात नेली, वरच्या मजल्यावरच्या गोऱ्या म्हाताऱ्याचं दार ठोठावून त्याच्या हातात मिक्सर दिला. त्याने तो अगदी अदबीने घेतला. भार्गवी सहाला आली तेव्हा आई जिन्यात, मांडीवर पासपोर्ट, शेजारी पोह्यांचा डबा. "वरून सोडलंय बहुतेक," ती म्हणाली. भार्गवी आधी हसली, पोट धरून हसली, आणि मग तिथेच पायरीवर बसून आईला घट्ट धरून राहिली. "भरती आहे गं आई. समुद्राची. रोज येते, दोनदा."

रोज, दोनदा. हे पद्माच्या गळ्याखाली अजून उतरलं नव्हतं.

फोन वाजला. अकरा — म्हणजे सांगलीत साडेतीन. मधुकरच.

"काय म्हणतेय विलायत?"

"किती आहे?"

"अगं, नवरा कसा आहे ते आधी विचारावं. एकतीस. सकाळी बत्तीस होतं, उतरतंय."

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. एकतीस म्हणजे जेवायला हरकत नाही.

"आता ऐक. लालासाहेब सहाला येतायत. विश्रामबागेतला त्यांचा फ्लॅट आणखी पाच वर्षं भाड्याने ठेवायचा की सोडायचा, आज सांगायचंय. त्यांच्या भाच्याला हवाय."

"तुम्ही काय ते सांगा."

"मी काय सांगणार? मी गावभागातच आहे, नदीकाठी, आपल्या घरात. प्रश्न तुझा आहे. आणि हा गुंडा पेंटर काहीतरी विचारतोय, बोल."

"आवं बाई, सैपाकघराच्या चौकटीवर त्या रेघा हायत न्हवं, त्या पुसू का ठिवू? सायेब म्हनत्यात, बाईस्नी इचारा. लय खोल गेल्यात, घासाव्या लागतील."

"सांगते," पद्मा म्हणाली. दोघांनाही तेच उत्तर.

ती चालायला लागली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं... चौकट. डाव्या बाजूला भार्गवीची उंची, दर वाढदिवसाला पेन्सिलने. उजव्या बाजूला पाण्याची, दर पुराला. दोन हजार पाचचं पाणी आठवीतल्या भार्गवीएवढं. एकोणीसचं सगळ्यांच्या डोक्यावरून, चौकटीच्या वरच्या पट्टीला चार बोटं कमी. त्या वर्षी ती घराच्या पायऱ्यांवर दर अर्ध्या तासाने रेघ मारत होती. एक बुडाली, दुसरी बुडाली, सातवी बुडाली आणि बोट आली. ती बोटीत बसली. मधुकर वरच्या मजल्यावर राहिला — कुणीतरी राहायला हवं म्हणाला. एकवीसला पुन्हा तेच, आणि मग तिने विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. तेव्हापासून नवराबायको एकमेकांकडे पाहुण्यासारखे जातात, डबे घेऊन. पाणी काय, येतं नि जातं, असं तो म्हणतो. येऊन जाणारी माणसं स्वयंपाकघरात गाळ टाकून जात नाहीत, असं ती म्हणते. अडतीस वर्षांचा संसार, आणि मला त्याच्याशिवाय तिसऱ्या मजल्यावर झोप लागत नाही, हे मी त्याला एकदाही सांगितलेलं नाही. आणि भीती वाटते, हे रोज सांगितलंय.

बंदर संपतं तिथे मोठे दरवाजे आहेत. ती तिथे येऊन थांबली. दरवाज्याच्या एका अंगाला बांधलेलं पाणी, गप्प, त्यात टेकडीवरची घरं उलटी पडलेली. दुसऱ्या अंगाला नदी, खाली खोल, तपकिरी, आणि चढत असलेली — नुसत्या डोळ्यांनी कळावं इतकी चढत असलेली. दरवाज्यांवर काम करणारी एक दांडगी बाई केशरी जाकीट घालून दोर गुंडाळत होती. पद्माने तिला आपल्या शाळेतल्या इंग्रजीत तो प्रश्न विचारला, जो ती कुठल्याही नदीला विचारते: किती फूट?

"मोठ्या भरतीला चाळीसच्या आसपास," ती बाई म्हणाली. "आज तेवढं नाही. साडेतीनला पुरं चढेल, मग उतरेल."

चाळीस. इशारा. पद्माला हसू फुटलं. इशारा दिवसातून दोनदा, आणि ही बाई दोर गुंडाळतेय, पलीकडे लोक कॉफी पितायत. तिने खडू काढला, भिंतीतल्या पायऱ्या उतरून पाण्याच्या जरा वरच्या पायरीवर रेघ मारली, आणि वर येऊन बाकावर बसली. रेघ वीस मिनिटांत गेली. तिने वरच्या पायरीवर दुसरी मारली. तीही गेली. तिसरीसाठी हात उचलला... आणि तो तसाच राहिला.

सातव्या रेघेनंतर काय होतं? बोट येते. मग विश्रामबाग, टीव्हीवरचे आकडे, आणि आठ दिवसांनी मधुकरचा फोन — ये, स्वच्छ केलंय. तीन पूर बघितले मी, तिन्ही चढतानाचे. उतरताना मी कधीच नव्हते. उतरतानाचं पाणी एकट्या त्यानेच बघितलंय, गुडघाभर गाळात उभा राहून, हातात खराटा घेऊन. म्हणून त्याला वाटतं ते जातं. आणि मला वाटतं ते येतंच राहतं.

फोन वाजला. सव्वा वाजला होता.

"पाव तास राहिलाय," मधुकर म्हणाला. "लालासाहेब वेळेआधीच आलेत, बाहेरच्या खोलीत बसलेत. काय सांगू?"

"अहो," ती म्हणाली, "उतरताना पाणी कसं दिसतं?"



"हे आज विचारतेस?" तो म्हणाला, आणि मग हळूहळू, "आधी आवाज बदलतो. मग तुळशीचं टोक दिसतं. मग एक एक पायरी. तुझ्या रेघा नसतात त्यांच्यावर, धुवून गेलेल्या असतात. मी शोधतो दर वेळी."

पद्मा आपल्या बुडालेल्या रेघांच्या जागी बघत राहिली.

"अगं, आहेस ना? फ्लॅटचं काय?"

"गुंडाला सांगा, चौकटीला हात लावू नको. आणि लालासाहेबांना चहा द्या. तुमच्या हातचा द्या, म्हणजे संपवायला त्यांना वेळ लागेल."

"आणि उत्तर?"

"थांबा की जरा. अजून चढतंय."

तिने फोन मांडीवर ठेवला, डब्यातलं थालीपीठ काढलं, सीगलकडे एकदा रोखून बघितलं, आणि नीट मागे टेकून बसली. साडेतीनला पाणी उतरू लागणार, त्याला अजून दोन तास तरी होते. पाणी तिसऱ्या पायरीवर आलं, चौथीवर आलं. खडू कुठे ठेवला ते तिला आठवत नव्हतं.