गाळलेलं पान

"मग मी म्हटलं, लिफ्ट बंद पडली की आमचा साहेब म्हणायचा, व्होल्टेज! आणि सरकारचं काही बंद पडलं की परदेशी हेर! अख्खं सलून पोट धरून हसलं."

म्हाताऱ्यानं मुलीच्या ताटात भाजी वाढली आणि ती हसायची वाट बघत थांबला. मुलगी हसली नाही. अकरा दिवसांनी ती दुपारची घरी जेवायला बसली होती. सरकारच्या संगणक विभागात ती नेमकं काय करते, हे लिफ्टच्या या निवृत्त मेकॅनिकला कधी धड कळलं नव्हतं. तिचे डोळे सुजलेत, एवढं मात्र दिसत होतं.

वीज मंडळाचे संगणक तीन दिवस ठप्प होते. लाखो ग्राहकांची माहिती चोरीला गेली, असं मंत्री टीव्हीवर म्हणाले आणि त्यांनी एका देशाचं नाव घेऊन बोट दाखवलं. गावात कुणाचाच विश्वास बसला नव्हता.

"चोरी खरी आहे, बाबा," ती म्हणाली. "मीच शोधली."

भाजीचा डाव त्याच्या हातात तसाच राहिला. आठवडाभर आपण कुणाच्या कामाची टिंगल केली हे कळल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे मंत्री बोलले ते..."

"चोर कोण, ते आम्हाला सापडलंच नाही. काय काय कळलं नाही, त्याचं एक पान मी अहवालाच्या शेवटी जोडलं होतं. तेवढं पान गाळून अहवाल पुढे गेला." तिनं पाण्याचा घोट घेतला. "हे बाहेर कळलं तर नोकरी जाईल माझी. कदाचित तुरुंगातही जावं लागेल."

"मी कशाला कुणाला सांगतोय?"

त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तिनं त्यालाच सांगितलं होतं. त्याचा ऊर भरून आला आणि पाठोपाठ धडकीही भरली.

रविवारी तो सलूनमध्ये शिरला तेव्हा न्हावी एकाचे केस कापत होता. बाकावर म्हाताऱ्याचा जुना दोस्त, निवृत्त पोस्टमन, पेपर उघडून बसला होता.

"ये बाबा, तुझीच वाट बघतोय! हेरांनी म्हणे आता पाणीपुरवठ्यावर डोळा ठेवलाय. होऊ दे सुरू तुझं!"

शब्द अगदी ओठांवर आले. जन्मभर तो साहेबलोकांच्या थापांवर चिडत आला होता, आणि थाप पकडल्याचा पुरावा पहिल्यांदाच हाती लागला होता. त्यानं दात आवळले.

पोस्टमननं चष्म्यावरून पाहिलं. "गप्प का रे? पोरगी त्याच खात्यात ना तुझी? काही बोलली की काय?"

कात्रीचा आवाज थांबला.

"ती काय बोलणार?" म्हातारा म्हणाला. "मंत्री सांगतायत म्हणजे खरंच असणार. उगाच संशय कशाला घ्यायचा?"

तो थट्टाच करतोय असं सगळ्यांना वाटलं. असा हशा पिकला की न्हाव्याला कात्री खाली ठेवावी लागली.

पोस्टमन मात्र हसला नाही. "तीस वर्षं साहेबाला तोंडावर खोटारडा म्हणायचास तू," तो म्हणाला. "पोरीच्या सरकारी पगारानं मिंधा झालास."

खुर्ची रिकामी होताच म्हातारा जाऊन बसला आणि त्यानं मान मागे टेकवली.

"झालो," तो म्हणाला. "कर आता दाढी."